अंड्याची गाडी आणि खाटला बैठक

आमच्या गल्लीत मतं मागायला कोणी आलं की सगळ्यात आधी ओट्यावरच्या साड्या आत न्याव्या लागतात. उमेदवारामागे माणसांची रांग असते, त्या माणसांच्या पायांत धुळीचे बूट असतात आणि साड्या व्यापाऱ्याच्या असतात. डाग पडला तर साडी माझ्या गळ्यात. म्हणून निवडणूक जाहीर झाली की मी बायकांना सांगून ठेवते, ढोल ऐकू आला की आधी माल आत, नमस्कार मग.

माझं काम साधं आहे. सुरतेत पर्वत पाटियाच्या बाजूला मार्केट आहे, तिथून भरतकामाच्या साड्या आणायच्या आणि गल्लीतल्या बायकांना वाटायच्या. मशीनवर भरतकाम झालं की साडीच्या उलट्या बाजूला धागे लोंबत राहतात. ते बोटभर लांबीच्या कटरने कापून साडी साफ करायची. याला आम्ही धागा-कटिंग म्हणतो. दुपारी जेवणं उरकली की बायका माझ्या ओट्यावर येऊन बसतात. हात आणि डोळे कामात असतात, तोंड रिकामं असतं. गेल्या विधानसभेच्या वेळी आमच्या गल्लीतलं अर्धं राजकारण त्याच ओट्यावर झालं. उरलेलं अर्धं पुरुषांनी पानाच्या टपरीवर केलं. त्यातून काय निघालं ते मला माहीत नाही.

आम्ही मूळचे शिंदखेड्याकडचे. लग्न होऊन आले तेव्हापासून सुरतच. नवरा आणि दीर दोघंही कापडाच्या लूमवर कामाला. माझी धाकटी जाऊ मात्र धागा-कटिंगला कधी बसली नाही. तिचे हात मोठे आहेत आणि तिला धीर नाही. ती अंड्याची गाडी चालवते. दीर रात्रपाळीला गेला की ही संध्याकाळी गाडी बाहेर काढते. आमलेट, भुर्जी, आणि उकडलेली नि कच्ची अंडी एकत्र करून तव्यावर जो लगदा करतात, ज्याला सुरतेत घोटाळा म्हणतात, तो. तिचा घोटाळा खायला कतारगामहून हिरे घासणारी पोरं मोटारसायकलवर येतात. तिची मुलगी नर्सिंगला शिकते ते या गाडीवर. दिराच्या पगारात घरभाडं आणि त्याची तंबाखू भागते.

गाडी गल्लीच्या तोंडाशी उभी राहते. समोर देवीचं छोटं देऊळ आहे. देऊळ नंतर आलं, गाडी आधीची. देवळाच्या बांधकामावरचे मजूर हिच्याच गाडीवर जेवायचे. पण आज नव्या माणसाने पाहिलं तर त्याला देवळासमोर अंड्याची गाडी दिसते. कोण आधी आणि कोण नंतर हे त्याला कसं दिसणार?

तर त्या वेळी एक उमेदवार उभा होता. वयस्क, पांढरे कपडे, आवाज शाळामास्तरासारखा. माणूस स्वच्छ, असं सगळे म्हणायचे. शेजारच्या वस्तीत त्यांची सभा झाली आणि त्यात ते दोन गोष्टी बोलले. देवळासमोर आणि शाळेसमोर मांस-अंड्याच्या गाड्या राहू देणार नाही. आणि दिवेलागणीनंतर बायकांनी रस्त्यावर उभं राहून धंदा करावा हे आपल्या संस्कृतीला शोभत नाही. तिसरी गोष्टही बोलले. दारूचे अड्डे महिन्याच्या आत बंद करीन.

दुसऱ्या दिवशी दुपारी ओट्यावर कटर नुसते चालत होते, कापलं काही जात नव्हतं.

माझी जाऊ त्या दिवशी पहिल्यांदा ओट्यावर येऊन बसली. काम मागितलं नाही, नुसती बसली. घरात आम्ही अहिराणी बोलतो, पण ओट्यावर मराठवाड्याच्या, विदर्भाच्या बायका असतात, म्हणून ती सगळ्यांना कळेल असं बोलली.

"ऐकलं ना? एका भाषणात दोनदा माझंच नाव घेतलं त्याने."

"तुझं नाव कुठे घेतलं?" मी म्हणाले.

"देवळासमोरची गाडी मीच. दिवेलागणीनंतरची बाई पण मीच. अजून काय, रेशनकार्ड दाखवायचं होतं का?"

बायका हसल्या. ती हसली नाही.

आमच्या ओट्यावर जालन्याकडच्या एक मावशी आहेत. वयाने सगळ्यांत मोठ्या, कटिंगमध्ये सगळ्यांत वेगवान. त्यांचा मुलगा दारूत गेलेला आहे. म्हणजे मेलेला नाही, पण मावशी त्याच्याबद्दल तसंच बोलतात. गुजरातेत दारूबंदी आहे, त्यामुळे दारू दुकानात मिळत नाही, प्लास्टिकच्या पोटलीत मिळते. पाण्याच्या टाकीमागे अड्डा होता. पोलिसांना सोडून सगळ्यांना माहीत होता.

मावशी मान वर न करता म्हणाल्या, "माझं लेकरू पोटली पिऊन रोज गटारीत पडायलंय, अन् तू आमलेटाचं काय घेऊन बसलीस? माझं मत त्या बाप्यालाच. अड्डा बंद करतो म्हणलाय."

"आणि माझी गाडी?"

"गाडी दुसरीकडं लाव की माय."

"कुठे लावू? तुमच्या न्हाणीघरात?"

"माझं न्हाणीघर तुझ्या गाडीपेक्षा लहान हाय."

मग सगळ्याच बोलायला लागल्या. एक म्हणाली, आज अंडं, उद्या आपल्या घरातलं मटण, परवा पोरींचे कपडे. दुसरी म्हणाली, भाषणात सगळेच काही ना काही बोलतात, निवडून आल्यावर त्यांना आपली गल्ली सापडतसुद्धा नाही. तिसरीची मुलगी मार्केटमध्ये बिलिंगला आहे, रात्री आठला सुटते. त्या तिसरीने एका साडीचा धागा कापता कापता कापडच कापलं. ते भोक मी नंतर घरी बसून रफू केलं.

मला विचाराल तर माझं मत अजून ठरलं नव्हतं. मला भीती वाटत नव्हती असं नाही. पण मला अड्डाही नको होता. माझ्या धाकट्याचा रस्ता शाळेतून येताना त्या टाकीवरूनच. एकाच माणसाच्या पिशवीत मला हवी असलेली वस्तू आणि नको असलेली वस्तू एकत्र होती, आणि पिशवी सुटी मिळत नव्हती. बाजारात असं झालं तर मी दुसऱ्या दुकानात जाते. पण दुसरा उमेदवार आमच्या गल्लीत एकदाही आला नव्हता.

संध्याकाळी जाऊ कांदा चिरत होती, मी तिच्या गाडीशी उभी होते. आजूबाजूला कोणी नव्हतं, म्हणून ती अहिराणीत म्हणाली, "जिजी, तुम्हनं मत आठे शे, मन्हं गावले. मन्ही गाडी तुम्हना बोटवर शे."

खरं होतं. माझं मतदान कार्ड सुरतचं. तिचं आणि दिराचं अजून गावचं. गावी मोठे दीर ग्रामपंचायतीला उभे राहतात. तिथे दोन मतांनी माणूस पडतो, म्हणून त्यांनी या दोघांची नावं तिकडून हलू दिली नव्हती. पंचायतीची निवडणूक आली की ही दोघं बसने रात्रभर प्रवास करून जातात, मत देतात, वरणबट्टी खातात आणि परत येतात. आम्हा खान्देशी लोकांत हे घरोघरी आहे. पोट सुरतेत, नाव गावात. त्यामुळे ज्या बाईची गाडी जायची होती तिलाच मत नव्हतं, आणि ज्या बायका मत देऊन तिला वाचवू शकत होत्या त्या अड्ड्याचा विचार करत होत्या.

मी म्हणाले, "माझं मत मी कोणाला देईन ते मी कोणाला सांगत नाही. नवऱ्यालाही नाही."

"मला पण नाही?"

"तुला पण नाही."

तिने कांदा इतक्या जोरात चिरला की मीच डोळे पुसले.

पण गप्प बसणं मला जमत नाही. आमच्याकडे खाटला बैठक असते. उमेदवार वस्तीत येतो, गल्लीत दोन-चार खाटा टाकतात, तो खाटेवर बसून लोकांचं ऐकतो. निदान ऐकल्यासारखं करतो. त्या उमेदवाराचे कार्यकर्ते गल्लीत पत्रकं वाटायला आले तेव्हा मी त्यांना सांगितलं, आमच्याकडे बैठक ठेवा. सगळ्या बायका येतील. आम्ही जेवायलाही घालू.

"काय घालणार, बेन?" कार्यकर्त्याने घाबरत विचारलं. त्याच्या डोळ्यांसमोर बहुतेक घोटाळा आला असावा.

"भरीत," मी म्हणाले. "वांग्याचं."

तो सुटल्यासारखा हसला.

थंडीचे दिवस होते. जळगावकडची हिरवी, मोठाली वांगी सुरतेच्या बाजारात येतात तेव्हा आमची माणसं वेडी होतात. भरीत गॅसवर करायचं नसतं. कामरेजकडच्या शेतातून कपाशीच्या वाळक्या काड्या आणायच्या, उघड्यावर त्यांचा जाळ करायचा आणि वांगी त्यात टाकायची. वांग्यांना तो धूर लागला तरच भरीत. आणि हे काम गल्लीत सगळ्यात चांगलं कोण करतं, तर माझी जाऊ. ती आधी नाही म्हणाली.

"माझी गाडी हलवणाऱ्याला मी जेवायला घालू?"

"त्याला नको घालू. गल्लीला घाल. तोही खाईल."

मग तयार झाली, पण अट घातली. गाडीवरचं एकही भांडं घेणार नाही. "त्यांचं खाणं वेगळं आहे. आपल्याकडून बाटायला नको. नंतर कोणी बोट दाखवलं तर माझ्यावरच येईल." घरातून नवा टोप काढला, मावशींचा पाटा-वरवंटा आणला, स्वतः अंघोळ करून लुगडं बदललं. गाडी त्या दिवशी चालू केली नाही. धंदा बुडाला, पण तिने तक्रार केली नाही. गाडी देवळासमोर तशीच रिकामी उभी, वर ताडपत्री.

दिवेलागणीच्या वेळेलाच उमेदवार साहेब आले. खाटा टाकल्या होत्या, साड्या आत होत्या. सगळ्या बायका डोक्यावर पदर घेऊन उभ्या होत्या, एरवी कोणी घेत नाही. ते खाटेवर बसले. गुडघा दुखत असावा, हळू बसले. आधी मावशींनी अड्ड्याचं सांगितलं. त्यांनी नीट ऐकलं, कार्यकर्त्याला टाकीचं ठिकाण लिहून घ्यायला लावलं. मग मी म्हणाले, साहेब, आधी जेवा, बाकीचं मग. ते म्हणाले, बेन, भूक तर लागली आहे.

जावेने ताट आणलं. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, भरीत, वर तेलाची धार, बाजूला हिरवी मिरची. त्यांनी हात धुतले, घास तोंडाजवळ नेला आणि थांबले. वास घेतला.

"आमां लसण छे?"

 लसूण नसलेलं भरीत आम्ही आयुष्यात पाहिलं नव्हतं. मूठभर लसूण, मूठभर हिरवी मिरची, वरून कांद्याची पात. अंड्याचा एक थेंब लागू नये म्हणून आम्ही टोपापासून लुगड्यापर्यंत सगळं बदललं, आणि कांदा-लसूण न खाणारी माणसंही याच शहरात राहतात हे एकीच्याही डोक्यात आलं नाही. सुरतेत इतकी वर्षं राहून! आमचे व्यापारी खात नाहीत, घरमालक खात नाहीत, आम्हाला सगळं माहीत. पण भरिताशी त्याचा संबंध असेल असं मनाला वाटलंच नाही.

मावशी पुटपुटल्या, "गेलं. आता अड्डा पण राहिला."

ते ताट खाली ठेवून म्हणाले, काही हरकत नाही, मी घरी जेवीन. कार्यकर्ते उठायला लागले. माणूस उपाशी उठला तर पुढचं बोलणं कोणी ऐकणार नव्हतं, हे मला कळत होतं. मी काही बोलायच्या आत माझी जाऊ म्हणाली, "रुको." हिंदीत म्हणाली. "पाच मिनट. उठना नहीं."

जाळ विझला होता पण निखारे होते. दोन वांगी राहिली होती. तिने ती निखाऱ्यांत लोटली, फुंकर घालून घालून भाजली, हात पुन्हा धुतले, पाटा राखेने घासून तीनदा पाणी ओतलं. वांगं सोललं, नुसती मिरची, मीठ, भाजलेले शेंगदाणे आणि कोथिंबीर. वर तेल. धूर डोळ्यांत गेल्यामुळे तिचा चेहरा लाल झाला होता. बायका म्हणतात रागाने. मी म्हणते धुराने.

ती ताट घेऊन आली तेव्हा मी मध्ये उभी राहिले. हे मला करायचंच होतं. माणसाला न सांगता खायला घालणं मला पटत नाही.

"साहेब, खायच्या आधी एक सांगते. यात कांदा-लसूण नाही. भांडी वेगळी आहेत. पण हात अंड्याच्या गाडीवालीचे आहेत. ती समोरची गाडी हिची. तुम्ही भाषणात बोललात ना, ती. आता खायचं की नाही ते तुम्ही ठरवा."

जावेने माझ्याकडे असं पाहिलं की ताट माझ्याच डोक्यावर ओतेल. कार्यकर्त्याने खोकल्याचं नाटक केलं. ते गाडीकडे पाहत राहिले, मग तिच्या हातांकडे. मग त्यांनी भाकरी मोडली.

उगाच कौतुक नको. भूक लागलेली होती आणि समोर चाळीस मतं उभी होती. पण खाल्लं, आणि पुन्हा मागितलं. पुन्हा मागताना माणूस खोटं खात नाही.

त्यांचं पोट भरल्यावर जाऊ समोर उभी राहिली. "साहेब, गाडी देवळाच्या आधीची आहे."

"असेल, बेन. पण लोकांना वाईट दिसतं."

"मग कुठे लावू? जागा सांगा. तुम्हीच सांगा."

"आणि बायकांनी रात्री रस्त्यावर..." ते बोलायला लागले.

"माझा नवरा रात्रपाळीला असतो," ती म्हणाली. "तुम्ही लूमची रात्रपाळी बंद करा. तो गाडीवर उभा राहील, मी घरात बसते. मला काय, पाय तरी दुखणार नाहीत."

पुरुष हसले, बायका त्यांच्याहून मोठ्याने हसल्या. तेही हसले. त्या प्रश्नाचं उत्तर त्यांनी शेवटपर्यंत दिलं नाही, हेही मी लक्षात ठेवलं आहे. जागेचं मात्र त्यांनी पाहिलं. इकडे तिकडे मान फिरवली आणि पाण्याच्या टाकीकडे हात केला. "तिकडे, त्या लाइटच्या खांबापाशी लाव. देवळातून दिसत नाही. तिथे कोणाची हरकत नाही."

"नक्की?" मी विचारलं.

"नक्की."

आता अशी वाक्यं मी खूप ऐकलेली आहेत. व्यापारीही म्हणतो, माल उद्या नक्की. म्हणून मी म्हणाले, "मग आत्ताच नेऊ. साहेब, तुम्ही बसा."

मी ताडपत्री काढली. मावशींनी चाकाखालची वीट काढली. मावशी! ज्यांना अड्ड्यापुढे आमलेट दिसत नव्हतं, त्या. नंतर मी विचारलं तर म्हणाल्या, "अड्ड्याच्या तोंडावर गाडी लागली तर अड्डा कसा चालंल? उजेड पडंल की." त्यांचा हिशेब माझ्याही पुढे गेला होता. गाडी जड, चढ लागला तशी अडली. मी कार्यकर्त्यांकडे पाहिलं. ते साहेबांकडे पाहायला लागले. साहेबांनी मान हलवली. मग पांढऱ्या शर्टांतली, गळ्यात पक्षाचे पट्टे घातलेली पोरं अंड्याच्या गाडीला खांदा लावून ती ढकलत टाकीपर्यंत घेऊन गेली, मागून सगळी गल्ली. माझ्या मुलीने फोटो काढले. साहेब खाटेवरून उठून खांबापर्यंत आले, गुडघा धरत. फोटोत ते गाडीच्या बाजूला उभे आहेत, हात तव्याजवळ. कोणाला वाटेल, आता ऑर्डर घेणार.

मतदानाच्या दिवशी मी सकाळीच जाऊन आले. परत आले तर जाऊ माझ्या ओट्यावर बसलेली. माझ्या बोटावरची शाई पाहिली, मग माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"कोणाला?"

"चहा घेतेस का?"

ती चहा न घेता गेली. ते साहेब निवडून आले. काही दिवस ती माझ्याशी तुटक वागली, कारण तिला वाटलं मी त्यांनाच दिलं. मावशींना वाटलं मी त्यांना दिलंच नाही, त्याही तुटक वागल्या. मी दोघींना वाटू दिलं. इथेही लिहिणार नाही.

पुढे काय झालं ते सांगते. अड्डा बंद झाला, मग कालव्याच्या बाजूला सुरू झाला. मावशींच्या मुलाला आता लांब चालावं लागतं, एवढाच फरक. दिवेलागणीच्या गोष्टीचा कायदा वगैरे काही आला नाही, पण बिलिंगवाल्या मुलीला तिच्या वडिलांनी घरी बसवलं. साहेबांचं भाषण त्यांना आयतं मिळालं. म्हणजे भीती अगदीच खोटी नव्हती, फक्त ती सरकारी गाडीतून आली नाही, घरातूनच आली. ती मुलगी आता दुपारी माझ्या ओट्यावर कटिंग करते आणि वडिलांना रोज विचारते, पुन्हा कामावर कधी जाऊ.

उन्हाळ्यात महापालिकेचा गाड्या उचलणारा ट्रक आला. मोठ्या रस्त्यावरच्या दोन गाड्या चढवल्या, मग टाकीकडे वळला. जाऊ घोटाळा करत होती. तिने मोबाइल काढला आणि साहेबांचा तो फोटो समोर धरला. ट्रकवरची दोन माणसं खाली उतरली, फोटो मोठा करून पाहिला, एकमेकांत गुजरातीत काही बोलली, आणि दोन प्लेट घोटाळा खाऊन गेली. गाडी आजही तिथेच आहे. पण तिला माहीत आहे की फोटो हा काही परवाना नाही. साहेब पडले की फोटोची किंमत शून्य.

म्हणून तिने एक काम केलं. गावातून नाव काढून मत सुरतेत आणलं. मोठ्या दिरांनी फोनवर तिला आणि दिराला खूप झाडलं. घरातलं मत बाहेर दिलंस म्हणाले. ती फोन कानापासून लांब धरून भुर्जी हलवत होती. दिराचं नाव गावातच ठेवलं, तेवढीच तडजोड. नवं कार्ड आलं त्या दिवशी ते तिने गाडीवर काचेच्या डब्याला टेकवून ठेवलं, अंड्यांच्या शेजारी.

मी संध्याकाळी आमलेट खायला गेले. तिने लसूण जास्त घातला, मला आवडतो तसा. मी सहज विचारलं, "मग, पुढच्या वेळी कोणाला? साहेबांनाच ना? जागा त्यांनी दिली."

तिने तवा खरवडला. तेलाकडे पाहतच म्हणाली, "ते मी तुम्हले कसाले सांगू, जिजी?"

आणि मला चहा विचारला.